नोबेल पारितोषिके, १९८३

१९८३ साली सहा विषयांत मिळून सात जणांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक विषयाची रक्कम १५ लाख स्वीडिश क्रोनर होती. विज्ञान व अर्थशास्त्राचे पाचही मानकरी अमेरिकेतील संस्थांत कार्यरत होते. त्यांच्या ज्या कामाचा गौरव झाला ते मुख्यतः पाव ते अर्धे शतक जुने होते.

भौतिकी : हे पारितोषिक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर व विल्यम फाउलर यांना निम्मे-निम्मे देण्यात आले. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जास्त वस्तुमान असलेला श्वेत बटू तारा टिकू शकत नाही, या निष्कर्षाची सुरुवात चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर केलेल्या गणितातून झाली. जानेवारी १९३५ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत आर्थर एडिंग्टन यांनी तो उडवून लावला होता. पारितोषिक जाहीर झाले त्या दिवशी, १९ ऑक्टोबरला, चंद्रशेखर यांनी ७३ वर्षे पूर्ण केली. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी घडतात, हे फाउलर यांनी बर्बिज दांपत्य व फ्रेड हॉईल यांच्यासह १९५७ च्या निबंधात मांडले होते. जयंत नारळीकर यांचे मार्गदर्शक असलेल्या हॉईल यांना वगळल्याबद्दल पुढे बरीच टीका झाली.

रसायनशास्त्र : कॅनडात जन्मलेले हेन्री टाउबे यांना धातूंच्या जटिल संयुगांतील इलेक्ट्रॉन-स्थानांतरणाच्या संशोधनासाठी. क्रोमियम व कोबाल्ट यांच्या विक्रियेत इलेक्ट्रॉन एका धातूकडून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी क्लोराइड आयन दोघांमध्ये पुलासारखा जोडला जातो आणि शेवटी क्रोमियमकडेच राहतो, हे त्यांनी दाखवले.

वैद्यक : बार्बरा मॅक्लिंटॉक यांना, वयाच्या ८१ व्या वर्षी. मक्याच्या कणसातील ठिपकेदार दाण्यांच्या रंगांचा मागोवा घेत जनुकीय घटक गुणसूत्रावरील जागा बदलतात, हे त्यांनी १९४० च्या दशकात ओळखले. १९५१ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिसंवादात त्यांच्या मांडणीला थंडा प्रतिसाद मिळाला. पुढे जिवाणूंतही असे घटक सापडल्यावर तिचे महत्त्व पटले. वैद्यकाचे पारितोषिक एकटीने मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

साहित्य : ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) या कादंबरीचे ब्रिटिश लेखक विल्यम गोल्डिंग यांना. या निवडीविरुद्ध स्वीडिश अकादमीचे सदस्य आर्टुर लुंडक्विस्ट यांनी उघड नाराजी व्यक्त केली. अकादमीच्या गोपनीयतेच्या परंपरेत असे क्वचितच घडते.

शांतता : पोलंडमधील ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचे नेते लेख वॉवेन्सा यांना. देशाबाहेर पडल्यास सरकार परत येऊ देणार नाही, या भीतीने ते ऑस्लोला गेले नाहीत. १० डिसेंबरला त्यांच्या पत्नी दानुता यांनी पारितोषिक स्वीकारले. १९९० मध्ये वॉवेन्सा पोलंडचे राष्ट्राध्यक्ष झाले.

अर्थशास्त्र : स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने नोबेल यांच्या स्मरणार्थ ठेवलेले हे पारितोषिक जन्माने फ्रेंच असलेले जेरार्ड डेब्रू यांना मिळाले. सर्व बाजारपेठांत मागणी व पुरवठा यांचा एकाच वेळी मेळ घालणाऱ्या किमती कोणत्या गृहीतकांखाली अस्तित्वात असतात, हे त्यांनी व केनेथ ॲरो यांनी १९५४ मध्ये गणिताने सिद्ध केले होते. ॲरो यांना हा मान १९७२ मध्येच मिळाला होता.