बी आणि जमीन



एकाच पोत्यातले बी काळ्या रानात तरारून येते आणि मुरमाड माळावर करपते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. कर्करोगाचेही असेच असावे, हा विचार लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट ह्यांनी १८८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रोग्यांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. यकृतात रोगाच्या गाठी २४१ जणांना, प्लीहेत अवघ्या १७ जणांना! रक्त तर दोन्हीकडे जाते. मग हा भेद का? पॅजेट म्हणाले, बियांचा अभ्यास पुष्कळ झाला, आता जमीनही पाहा.

पुढे अमेरिकेतील जेम्स यूइंग ह्यांच्या मतापुढे हा विचार मागे पडला. रक्तप्रवाहाची वाट कळली की सारे उलगडते, असे ते मानीत. १९८० साली हार्ट आणि फिडलर ह्यांनी उंदरांच्या स्नायूंत फुप्फुस, अंडाशय व मूत्रपिंड ह्यांचे तुकडे कलम केले आणि रक्तात कर्कपेशी सोडल्या. पहिल्या दोहोंत गाठी धरल्या. मूत्रपिंडाच्या तुकड्यात धरल्या नाहीत. पॅजेट खरे ठरले.

ह्या जमिनीचा प्रताप पाहावयाचा तर पित्तनलिकेचा कर्करोग पाहावा. यकृताच्या मुखाशी होणाऱ्या त्याच्या प्रकाराचे वर्णन जेराल्ड क्लॅट्स्किन ह्यांनी १९६५ साली १३ रोग्यांवरून केले. ही गाठ हाताला टणक लागते, कारण तिच्यात कर्कपेशी थोड्या आणि व्रणासारखे तंतुमय ऊतक फार. हॅरल्ड ड्वोरॅक ह्यांनी १९८६ साली गाठींना न भरणाऱ्या जखमा म्हटले, ते येथे अक्षरशः पटते. ईशान्य थायलंडात नदीचे कच्चे मासे खाल्ल्याने यकृतकृमी पित्तनलिकेत वर्षानुवर्षे राहतात. सूज येते, भरते, पुन्हा येते. बी रुजण्यापूर्वीच जमिनीची मशागत होऊन जाते.

ह्याचा भुर्दंड रोग्याला पडतो. पेशी विरळ असल्याने नलिका खरवडून काढलेल्या नमुन्यात रोग अनेकदा सापडत नाही. दाट तंतूंनी रक्तवाहिन्या दबतात, औषध आत पोहोचत नाही आणि शरीराच्या रक्षक पेशी कुंपणाबाहेर अडतात.

मग हे कुंपणच उपटून टाकावे काय? २०१३ साली उंदीरवर्गीय प्राण्यांत पित्तनलिकेच्या गाठीतील तंतुपेशी औषधाने मारल्या, तेव्हा गाठ खुंटली. पण २०१४ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगात तंतुपेशी हटविताच रोग अधिक माजला! म्हणजे हे ऊतक रोगाला पोसते आणि काही अंशी बांधूनही ठेवते. बांध सरसकट फोडणारा शेतकरी शहाणा नव्हे.

म्हणून उपचारांची पावले बेताची पडली. २०१० साली दोन औषधांच्या जोडीने मध्यम आयुर्मान ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेले. २०२२ साली रक्षक पेशींचा लगाम सोडणारे औषध त्या जोडीला मिळाले. दोन वर्षांनी शंभरांपैकी सुमारे १० ऐवजी २५ जण जिवंत राहिले.

ही संख्या थोडी खरी. परंतु तिच्यामागे माणसे आहेत, त्यांची घरे आहेत. शंभर वर्षे आपण शत्रू म्हणून केवळ बियाण्याकडे पाहिले. ज्या मातीत ते रुजते ती आपल्याच शरीराची आहे. तिला ओळखणे, हेच पुढील वैद्यकाचे काम होय.