गिरणीच्या भोंग्यापासून कंपनीच्या पाळीपर्यंत

गावाकडून शहरात येऊन लिहिते झालेल्या मराठी लेखकांचा इतिहास बराचसा मुंबईच्या गिरणगावात घडला. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी काढली आणि पुढे कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी लालबाग-परळ भरून गेले. पहाटे भोंगा, दिवसभर साचेखात्यातला खडखडाट, रात्री चाळीत भजन नाहीतर तमाशाची ढोलकी. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. लिहायला निवांत कोपरा कुठला मिळायला? म्हणून इथले सुरुवातीचे लेखन बरेचसे गाण्यासाठी, सभेत म्हणण्यासाठी झाले.

अण्णा भाऊ साठे यांच्याइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. १९२० साली वाटेगावात जन्मलेले अण्णा भाऊ वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. शाळा जवळपास नाहीच. हमाली, फेरी, गिरणीकाम करता करता त्यांना शहर कानांनी कळले. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. गावाकडची लावणी, छक्कड, वग हे त्यांनी जसेच्या तसे उचलले आणि त्यात ट्राम, बेकारी, संप भरले. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभासभांतून गाजली. ‘फकिरा’ ही कादंबरी आली १९५९ साली, म्हणजे शाहिरीने नाव झाल्यावर. समीक्षकांनी हा क्रम फारसा मनावर घेतला नाही, पण तो महत्त्वाचा आहे.

पुढच्या पिढीतले नामदेव ढसाळ पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. १९४९ साली पूर-कनेरसरला जन्म, लहानपणीच मुंबई. त्यांच्या कानावर पडली ती कामाठीपुऱ्याच्या परिसरातली बोली: शिव्या, धंद्याचे शब्द, हिंदीमिश्रित मराठी. ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहात ती न धुता-पुसता आली आणि पांढरपेशा वाचकाला हे जग नवे असल्याचे प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी सांगितले.

त्याच खेड तालुक्यात आज चाकणची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या जवळच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ साली औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी स्थापन झाली, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. इथे साऱ्या वस्तीला एकदम उठवणारा भोंगा नाही. पाळ्या वेगळ्या, कंपनीच्या बसगाड्या वेगळ्या, कामगार विखुरलेला. त्यामुळे गिरणगावासारखी एकगठ्ठा शाहिरी इथे उभी राहिली नाही. कामगारांचे लिहिणे वाढले ते कविसंमेलनांतून.

इंद्रायणीकाठची चऱ्होली बुद्रुक १९९७ साली याच महापालिकेत आली. बाजूला आळंदीचा टाळ-मृदंग आणि कीर्तन, दुसरीकडे भोसरीचे कारखाने, मधल्या शेतांवर उभ्या राहणाऱ्या इमारती. मराठवाडा-विदर्भातून आलेल्या कुटुंबांची बोली त्यात मिसळते. अशा या पिंपरी-चिंचवडला जानेवारी २०१६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८९वे अधिवेशन भरले. श्रीपाल सबनीस त्याचे अध्यक्ष होते.