राज्याचा दावा आणि चलन

वेगळे राष्ट्र मागणाऱ्या चळवळी प्रदेश हाती येण्याआधीच नोटा किंवा नाणी काढतात. बाजारात त्यांना किंमत नसते. पण नाणे पाडणे हा राजाचा हक्क, ही समजूत इतकी जुनी की दावा मांडायला चलनाइतके थेट साधन नाही. खलिस्तानवादी नेते जगजितसिंग चौहान यांनी लंडनहून खलिस्तानच्या नोटा व टपाल तिकिटे काढली, ती यासाठीच. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सरकारने एप्रिल 1944 मध्ये रंगूनला आझाद हिंद बँक उघडली. तिला मात्र आग्नेय आशियातील भारतीयांच्या देणग्यांचा खरा आधार होता.

मराठी मुलखात हा दावा सर्वांत ठळकपणे रायगडावर, 6 जून 1674 च्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने मांडला गेला. शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर ठिपक्यांच्या वर्तुळात एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, तर दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. भोवतालच्या मोगल आणि आदिलशाही नाण्यांवर फारसी मजकूर असे. त्या काळात ही अक्षरे म्हणजे उघड घोषणाच होती. होन आज अगदी दुर्मीळ आहेत. शिवराई मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या व्यवहारात राहिली. नाण्याची पत हुकमाने ठरत नाही, हेही महाराज जाणून होते. आपले नाणे स्वराज्यात चालावे अशी मागणी इंग्रजांनी केली, तेव्हा त्यांचे उत्तर असे होते की कोणतेही नाणे अडवलेले नाही, पण तोट्याचे नाणे घेण्याची सक्ती रयतेवर करता येणार नाही. कस आणि वजन मोगलांच्या नाण्याइतके असेल तर ते चालेल.

याउलट उदाहरण विदर्भातले: तिथला गोंदियाकडचा मुलूख पुढे नागपूरकर भोसल्यांकडे होता. कारभार त्यांचा स्वतःचा, पण रुपयांवर नाव मोगल बादशहाचे. बाजाराला ओळखीचा छाप हवा असे. 1854 मध्ये डलहौसीने हे राज्य खालसा केले.

वेगळ्या विदर्भाची मागणी गोंदियाच्या भागाला जुनी ओळखीची. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांनी ती लढवली, 1955 मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली. मात्र ही मागणी भारतातल्याच एका घटकराज्याची असल्याने तिला चलन काढण्याचे कारणच नाही: चलन व नाणी हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, 36 व्या नोंदीत आहे.