माहितीपटाकडून कथापटाकडे : क्रिस्तोफ किस्लोव्स्की

पोलंडचे दिग्दर्शक क्रिस्तोफ किस्लोव्स्की जगाला परिचित झाले ते कथापटांमुळे. मात्र त्यांच्या दृष्टीची जडणघडण माहितीपटांनी केली. २७ जून १९४१ रोजी वॉर्सा येथे जन्मलेल्या किस्लोव्स्की यांना लोद्झच्या विख्यात चित्रपट विद्यालयाने दोनदा प्रवेश नाकारला. तिसऱ्या प्रयत्नात तो मिळाला. सरकारी प्रसारमाध्यमे सुबत्तेची चित्रे रंगवीत असताना कामगार, कचेऱ्या, रुग्णालये यांचे खरेखुरे जगणे टिपणे, हे त्यांनी आपले काम मानले. १९७०च्या संपानंतरच्या कामगारांवरील ‘वर्कर्स ७१’ या माहितीपटाला सरकारी कात्री लागली.

तथापि, सेन्सॉरपेक्षाही गंभीर प्रश्न नैतिकतेचा होता. ‘फर्स्ट लव्ह’ (१९७४) या माहितीपटात एका तरुण जोडप्याचे जीवन अपत्यजन्मापर्यंत चित्रित करताना, दुसऱ्याच्या खासगी क्षणांत कॅमेऱ्याने कुठवर शिरावे, हा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. वॉर्साच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकावरील ‘स्टेशन’ (१९८०) च्या वेळी पोलिसांनी चित्रीकरणाची रिळे जप्त केली. एका खुनातील संशयित तरुणीचा माग त्यांना त्यात शोधायचा होता. ती रिळांत आढळली नाही; परंतु आपला कॅमेरा नकळत पोलिसांचा खबऱ्या ठरू शकतो, ही जाणीव किस्लोव्स्की यांना अस्वस्थ करून गेली. त्यानंतर ते माहितीपटांपासून दूर होत गेले.

कथापटांचा आरंभ ‘पर्सोनेल’ (१९७५) आणि ‘द स्कार’ (१९७६) यांनी आधीच झाला होता. मॉस्को महोत्सवात गौरवलेल्या ‘कॅमेरा बफ’ (१९७९) मध्ये तर हाच पेच कथाविषय झाला. बाळाचे चित्रण करण्यासाठी कॅमेरा घेणारा कारखान्यातील कर्मचारी हळूहळू भोवतालचे सत्य टिपू लागतो आणि त्याची किंमत इतरांना मोजावी लागते.

वकील क्रिस्तोफ पिसिएविच यांच्यासह लिहिलेली ‘डेकालॉग’ ही दहा भागांची मालिका वॉर्सातील एका गृहसंकुलात घडते. पुढे ‘थ्री कलर्स’ चित्रत्रयीतील ‘ब्लू’ (१९९३) व्हेनिसमध्ये सुवर्णसिंहाचा मानकरी ठरला, तर ‘रेड’ला (१९९४) ऑस्करची तीन नामांकने लाभली.

१३ मार्च १९९६ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी किस्लोव्स्की यांचे निधन झाले. माणसाच्या अंतरंगात शिरण्यासाठी त्यांनी नटांचा आधार घेतला. परंतु चेहरा, हात, क्षणभराची शांतता निरखण्याची माहितीपटकाराची सवय त्यांच्या कथापटांत अखेरपर्यंत टिकून राहिली.