इंचातलं विमान

प्रवासी विमान ओळखतो शेपटीवरच्या रंगावरून. हँगरमधला माणूस ओळखतो स्पॅनरच्या मापावरून. १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची पहिली एअरबस ए-३०० विमानं आली, तेव्हा सांताक्रूझच्या हँगरमध्ये मी नवशिका टेक्निशियन होतो. फ्रेंच आणि जर्मन लोकांनी मिळून केलेलं विमान, मीटर जगाला शिकवला तो फ्रेंचांनी, तेव्हा मिलिमीटरचे सेट मागवायला हवेत अशी आम्हा पोरांत चर्चा चालू होती. आमचा फोरमन कॅराव्हेल विमानावर हात काळे करून म्हातारा होत आलेला. तो म्हणाला, "काही मागवू नका. इंचाचेच घेऊन या."

इंजिन अमेरिकन, जनरल इलेक्ट्रिकचं, म्हणजे तिथे इंच असणं ओघानंच आलं. पण बाकीच्या विमानातही कारभार इंचाचाच होता. सोबत आलेली मॅन्युअलं इंग्रजीत. चॅप्टरचे आकडेसुद्धा अमेरिकन पद्धतीचे: २९ म्हणजे हायड्रॉलिक, ३२ म्हणजे लँडिंग गिअर, जसे आमच्या बोइंग ७३७ ला होते तसेच. फक्त हायड्रॉलिक लाइनींना हिरवी, निळी, पिवळी अशी नावं होती. हीच तीन नावं काँकॉर्डमध्ये होती. तेवढी एक खूण फ्रान्सची.

युरोपनं मिळून हे विमान इंचात का केलं, याचं उत्तर मला पुढे बऱ्याच वर्षांनी मिळालं. ते एका माणसाच्या हट्टात आहे. त्याचं नाव रोजे बेतेय. हा फ्रेंच इंजिनिअर आधी कॅराव्हेलच्या चाचणी-उड्डाणांचा प्रमुख होता. एअरबसचा तांत्रिक प्रमुख झाल्यावर त्यानं दोन नियम केले: कामाची भाषा इंग्रजी आणि मापं अमेरिकन. जगातल्या बहुतेक विमानकंपन्यांच्या हँगरात अमेरिकन विमानं उभी आहेत, त्यांच्या मिस्त्रींच्या पेट्यांत इंचाचे स्पॅनर आहेत, त्यांना नवीन पेटी घ्यायला लावलं तर ते विमान घेणार नाहीत, असा त्याचा साधा हिशेब. फ्रेंच माणसानं फ्रान्सच्या भूमीवर बसून फ्रेंच भाषा आणि मीटर दोन्ही बाजूला ठेवायचे, याला केवढी छाती लागत असेल! आपल्याकडे एका कार्यालयाच्या पाटीवरून महिनाभर रणं माजतात.

हा हट्ट नीट कळायला त्याआधीचा युरोप बघावा लागतो. युद्धानंतर तिथे विमानं वाईट बनत नव्हती. उलट, सुंदर बनत होती. फ्रान्समधल्या तुलूझचं कॅराव्हेल हे दिसायला मी पाहिलेलं सगळ्यांत देखणं जेट. इंजिनं मागे शेपटीपाशी, त्यामुळे पंख मोकळा, स्वच्छ. आपल्याकडे १९६४ पासून ते उडत होतं. पण विकली गेली जेमतेम पावणेतीनशे. ब्रिटिशांचं ट्रायडंट ११७. व्हीसी-१० तर ५४ वरच थांबलं. दासोचं मर्क्यूर एअर इंटर या एकाच कंपनीनं घेतलं, तेही १०. त्याच काळात बोइंगनं एकट्या ७२७ ची अठराशेवर विमानं विकली. युरोपातला प्रत्येक देश आपापलं विमान आपापल्या सरकारी कंपनीच्या मापानं बेतायचा आणि मग बाहेरचं कोणी घेत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा.

सप्टेंबर १९६७ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि ब्रिटन यांनी एकत्र विमान करायचा करार केला. तीनशे माणसं बसतील म्हणून ए-३००. इंजिन रोल्स-रॉइसचं आरबी-२०७, जे तेव्हा कागदावरच होतं. अट अशी की तिन्ही देशांच्या विमानकंपन्यांनी मिळून ७५ विमानांची मागणी नोंदवायची. मागणी काही आली नाही. एवढं अवाढव्य विमान खुद्द एअर फ्रान्स आणि लुफ्तान्सालाच नको होतं. शिवाय रोल्स-रॉइसचा जीव अमेरिकेतल्या लॉकहीड ट्रायस्टारच्या इंजिनात अडकला होता.

इथे बेतेयनं गुपचूप दुसरा आराखडा करायला घेतला. सोबतीला फेलिक्स क्राख्ट नावाचा जर्मन इंजिनिअर. तीनशेची अडीचशे माणसं केली, विमान आखूड केलं. त्यामुळे नव्या इंजिनाची गरजच उरली नाही. बाजारात तयार होत असलेलं अमेरिकन इंजिन पुरे होतं. त्यांनी पोटाचा व्यासही विचारपूर्वक ठरवला, २२२ इंच. त्यात खाली सामानाचे दोन डबे शेजारी शेजारी बसतात, आणि हे डबे जम्बो जेटसाठी केलेल्या मापाचेच. म्हणजे जम्बोतून उतरवलेला डबा न उघडता थेट एअरबसच्या पोटात. लोडरला याची किंमत विचारा. भर मे महिन्यात विमानाच्या पोटात वाकून एकेक बॅग रचणाऱ्याला हा व्यास किती शहाणपणाचा होता ते कळेल. पुढे ए-३१०, ए-३३० आणि ए-३४० यांना हाच व्यास वापरला.

एप्रिल १९६९ मध्ये ब्रिटिश सरकार बाहेर पडलं. आपल्या इंजिनाची हमी नाही, विमान खपेल याचीही नाही, मग पैसे कशाला घालायचे, असा त्यांचा विचार. सरकार गेलं, पण पंख करणारी हॉकर सिडले ही ब्रिटिश कंपनी स्वतःच्या हिमतीवर राहिली. बेतेयला त्यांचेच पंख हवे होते, कारण ट्रायडंटवर काम केलेल्या त्या माणसांना पंख कळत होता. त्याच वर्षीच्या २९ मे ला पॅरिसजवळच्या ल बुर्जेच्या प्रदर्शनात, लाकडी नमुना-केबिनमध्ये बसून, फ्रेंच आणि जर्मन मंत्र्यांनी सह्या केल्या. विमान नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, इंजिन परदेशी होतं आणि पंखांचा देश करारातून निघून गेला होता. डिसेंबर १९७० मध्ये कंपनी रीतसर उभी राहिली, पुढच्या वर्षी स्पेनची कासा शेपटीचा आडवा भाग घेऊन आली. ब्रिटन परत आला १९७९ मध्ये, धंदा चालेल असं दिसल्यावर.

कामाची वाटणी क्राख्टनं केली. जर्मनांकडे पोटाचा मोठा भाग, फ्रेंचांकडे कॉकपिट आणि मधला भाग, ब्रिटिशांकडे पंख, डच फोकरकडे पंखांचे हलणारे भाग. प्रत्येकानं आपला तुकडा पाइप, तारांसकट भरून पाठवायचा, तुलूझला फक्त जोडायचं. एवढे मोठे तुकडे न्यायचे कसे? त्यासाठी आणलेल्या विमानाचं नाव सुपर गप्पी. बोइंगच्या जुन्या स्ट्रॅटोक्रूझरचं पोट फुगवून केलेलं हे ध्यान मी १९८८ मध्ये ए-३२० च्या कोर्ससाठी तुलूझला गेलो तेव्हा तिथल्या ब्लान्याक विमानतळाच्या धावपट्टीवर पाहिलं. पंखे असलेली चार इंजिनं, पोट देवमाशासारखं, आणि माल काढायचा तर आख्खं डोकं कॉकपिटसकट बिजागरीवर बाजूला फिरायचं. कंट्रोलच्या केबली जिथून जातात तो भाग रोज उघडायचा आणि बंद करायचा, हे बघून माझ्या पोटात गोळा आला. आम्हाला शिकवणारे फ्रेंच इन्स्ट्रक्टर हसून सांगायचे की प्रत्येक एअरबस जन्माला येते ती बोइंगच्या पंखांवरून. स्वतःवर असा विनोद करणारा कारखाना मला आवडला.

ए-३०० पहिल्यांदा उडालं २८ ऑक्टोबर १९७२ ला, मॅक्स फिशलच्या हातून. दोन इंजिनांचं, आत खुर्च्यांमधून दोन वाटा असलेलं असं जगातलं ते पहिलंच प्रवासी विमान. मे १९७४ मध्ये एअर फ्रान्सनं ते पॅरिस-लंडन मार्गावर घातलं. तोवर तेलाचा भडका उडाला होता आणि विमान कोणालाच नको होतं. डिसेंबर १९७५ पासून पुढच्या सोळा महिन्यांत एकही नवी मागणी आली नाही. तुलूझला तयार विमानं उभी होती, शेपटी पांढरी. गिऱ्हाईकच नाही तर रंग कोणाचा द्यायचा?

आपलं नाव या गोष्टीत येतं ते इथे. युरोपबाहेरून ए-३०० घेणारे पहिले कोरियन एअर, आणि त्यांच्या पाठोपाठ १९७५ मध्ये तीन विमानं मागणारी इंडियन एअरलाइन्स. ज्या विमानाकडे अमेरिकेतली एकही कंपनी ढुंकून बघत नव्हती ते आपण मुंबई-दिल्लीवर घातलं. दोन ७३७ भरून उरतील एवढी माणसं एका फेरीत जायची. रॅम्पवर आम्हाला नवा धडा होता: जिन्याची उंची वेगळी, डबे उचलायचा लोडर वेगळा, एवढ्या वजनाचं धूड ढकलायचं तर ट्रॅक्टरही वेगळा. स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहायच्या पुस्तकात पहिल्या पावसाळ्यात इतकी पानं भरली की फोरमन म्हणायचा, विमानापेक्षा पुस्तक जड झालंय. पण इंजिनानं कधी घात केला नाही, आणि दोनच इंजिनं असल्यानं तेल कमी लागायचं. तेल महाग झालं तेव्हा जे विमान नकोसं झालं तेच तेल महाग राहिलं तेव्हा हवंसं झालं.

अमेरिकेचं दार उघडलं फ्रँक बोरमननं. अपोलो-८ मधून चंद्राला फेरी मारून आलेला हा अंतराळवीर तेव्हा ईस्टर्न एअरलाइन्स चालवत होता. एअरबसनं त्याला १९७७ मध्ये चार विमानं सहा महिने बिनभाड्यानं वापरायला दिली. आवडली नाहीत तर परत करा. त्यानं १९७८ मध्ये २३ विकत घेतली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ए-३१० नं कॉकपिटमधली फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची काढली, आणि ए-३२० नं १९८८ पासून पायलटसमोरचा दांडाही काढून बाजूला छोटी स्टिक दिली. स्टिकपासून पंखापर्यंत आता केबल नव्हती, कॉम्प्युटर होता.

ए-३२० बद्दल एक गोष्ट भारताबाहेर फार कोणाला ठाऊक नाही. इंडियन एअरलाइन्सनं १९८९ मध्ये आणलेल्या ए-३२० च्या मागच्या प्रत्येक पायाला दोनाऐवजी चार चाकं होती. आपल्याकडच्या कमकुवत धावपट्ट्यांवर वजन पसरावं म्हणून ही बोगी मागून घेतली होती, आणि जगात दुसऱ्या कोणी ती मागितली नाही. दुसऱ्यांच्या ए-३२० ला सहा टायर, आमच्याला दहा. टायर बदलणाऱ्याची कंबर जायची, पण मला त्याचा अभिमान वाटायचा. कारखान्यानं आपल्या धावपट्ट्या बघून पाय बदलून दिला होता.

त्याच विमानांतलं एक १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळूरला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. इंजिनं आयडलवर होती आणि ते वेळेत कोणाच्या लक्षात आलं नाही. ए-३२० मध्ये ऑटोथ्रस्ट ताकद कमी-जास्त करतं तेव्हा थ्रॉटलचे दांडे जागचे हलत नाहीत. चौकशीनं पायलटवर ठपका ठेवला. पण वर्षानुवर्षं हाताखाली सरकणारे दांडे जाणवून ज्यांनी विमानं चालवली, त्यांचा हात एका रात्रीत बदलत नाही, असं मला अजून वाटतं. बाकीची ए-३२० सरकारनं कित्येक महिने जमिनीवर बसवली.

आता ए-३८०. त्याचं पहिलं उड्डाण २७ एप्रिल २००५ ला तुलूझहून झालं, आणि तो दिवस खरंच दिमाखाचा होता. तेव्हा एअरबस बोइंगहून जास्त विमानं देत होती, आणि जम्बोचं नाक कापायचंच होतं. मग कळलं की तारा कमी पडताहेत. एका ए-३८० मध्ये पाचशे किलोमीटरहून अधिक तार. तारांचे जुडगे हॅम्बुर्गमध्ये बनून तुलूझला यायचे आणि वळणावर तोकडे पडायचे. कारण असं की हॅम्बुर्गवाले ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होते आणि तुलूझवाले नवी, आणि दोघांपैकी कोणीही आपली सोडायला तयार नव्हतं. जर्मन कामगार तुलूझला येऊन हातानं तारा ओढत बसले. जून २००६ मध्ये उशिराची बातमी फुटली तेव्हा मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात चौथाईहून जास्त कोसळला, आणि महिन्याभरात वरचे दोन साहेब गेले. ज्या कंपनीच्या पहिल्या इंजिनिअरनं सगळ्यांना एका मापावर आणण्यासाठी स्वतःच्या देशाचा मीटर सोडला, तिथे तीसहून जास्त वर्षांनी एका विमानाची दोन टोकं दोन आवृत्त्यांत काढली जात होती. हे वाचल्यावर मला आमचा फोरमन आठवला. त्याच्या हँगरात एका विमानाला दोन मापांच्या पेट्या लावायची कोणाची हिंमत नव्हती.

ए-३८० विमान म्हणून वाईट नव्हतं. २०१४ पासून मुंबईलाही यायला लागलं तेव्हा निवृत्त असूनही मी बघायला गेलो. आत बसल्यावर इतकी शांतता की इंजिन चालू आहे का अशी शंका यावी. पण चार इंजिनं आणि पाचशेच्या वर माणसं. रोज एवढी गर्दी जमेल असे मार्ग जगात थोडे. ही तीच चूक होती जी बेतेयनं १९६८ मध्ये तीनशेचे अडीचशे करून टाळली होती. ए-३८० ची २५१ विमानं गिऱ्हाइकांना गेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचं एमिरेट्सला देऊन काम बंद झालं. अडीचशे माणसांचं ए-३०० २००७ पर्यंत बनत राहिलं, आणि त्याची झाली ५६१.