पन्ना मारिया : एका पोलिश धर्मग्रामाची दफनभूमी

नोव्हेंबर महिन्यात आपण दफनभूमीत जाऊन प्रियजनांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो व त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतो. त्यानिमित्ताने एका दूरच्या खेड्यातील कबरींचा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, सॅन अँटोनियो नदी व सिबोलो ओढा यांच्या संगमाजवळ पन्ना मारिया हे लहानसे गाव आहे. 'पन्ना मारिया' म्हणजे पोलिश भाषेत कुमारी मारिया. अमेरिकेतील पोलिश लोकांची ही सर्वांत जुनी कायमस्वरूपी वसाहत मानली जाते. येथील चर्च निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेला समर्पित आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी

फादर लिओपोल्ड मोचिगेम्बा यांचा जन्म 1824 साली वरच्या सायलेशियात झाला. हा प्रदेश तेव्हा प्रशियाच्या ताब्यात होता. फ्रान्सिस्कन संघाचे हे धर्मगुरू 1852 मध्ये टेक्सासला जर्मन वसाहतकऱ्यांच्या सेवेसाठी आले. तेथील मोकळ्या जमिनीविषयी त्यांनी घरी पत्रे लिहिली. सायलेशियात महापूर, नापिकी, महागाई व रोगराई यांनी शेतकरी गांजलेले होते. 1854 च्या अखेरीस त्यांची पहिली तुकडी जहाजाने गॅल्व्हेस्टन बंदरात उतरली व पुढे मजल दरमजल करीत या जागी पोहोचली. 24 डिसेंबर 1854 रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, एका ओकवृक्षाखाली त्यांनी पहिली मिस्सा साजरी केली.

दुःखाची वर्षे

राहायला घर नव्हते. होते ते माणसाच्या उंचीचे गवत आणि विषारी साप. 1856 मध्ये चर्च उभे राहिले, पण त्याच सुमारास तीव्र दुष्काळ पडला. प्रवासात आणि सुरुवातीच्या वर्षांत कित्येक जण दगावले. नव्या धर्मग्रामाला चर्चबरोबरच दफनासाठीही जमीन लागली. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार दफनभूमी आशीर्वादित केलेली असावी. ती नसेल तेथे प्रत्येक कबर आशीर्वादित केली जाते. परक्या देशात अशी जागा लाभणे हा त्या शोकाकुल कुटुंबांचा मोठा आधार होता.

जुन्या शिळांवरील लेख पोलिश भाषेत आहेत. 1795 ते 1918 या काळात पोलंड हे स्वतंत्र राष्ट्र म्हणून नकाशावर नव्हतेच. तरीही या शेतकऱ्यांनी आपली भाषा कबरींवर जपली. 1875 मध्ये वीज पडून पहिल्या चर्चचे मोठे नुकसान झाले व नंतर नवे चर्च बांधण्यात आले.

धर्मगुरूंचे परतणे

हालअपेष्टांना कंटाळलेल्या लोकांचा राग फादर मोचिगेम्बांवर निघाला. ज्यांच्या सांगण्यावरून आलो त्यांनीच फसविले, असे काहींना वाटले. 1856 मध्ये त्यांना गाव सोडावे लागले. पुढे त्यांनी इतरत्र पोलिश स्थलांतरितांची सेवा केली व डेट्रॉइट येथील पोलिश सेमिनरीच्या स्थापनेत मोलाचा वाटा उचलला. 1891 मध्ये त्यांचे निधन झाले व दफनही डेट्रॉइटलाच झाले.

मात्र 1974 मध्ये पन्ना मारियाच्या लोकांनी त्यांच्या अस्थी सन्मानाने आणल्या. गावच्या ओकवृक्षाखालीच त्यांची कबर करण्यात आली. पूर्वजांनी रागाने दूर केलेल्या धर्मगुरूंना वंशजांनी 83 वर्षांनी आपल्यात घेतले.

आपल्यासाठी

पोलिश स्थलांतरितांच्या कबरी आपल्या महाराष्ट्रातही आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांना आश्रय मिळाला होता. त्यांच्यापैकी जे येथे निवर्तले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत.

1 ते 8 नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना, नेहमीच्या अटी पाळल्यास, मृतांसाठी पूर्ण दंडविमोचन प्राप्त होते. या दिवसांत ज्यांच्या कबरीवर फूल ठेवायला जवळचे कोणी उरले नाही, त्यांचेही आपण स्मरण करू या. आणि ज्यांच्याशी अबोला धरला आहे, त्यांच्याशी जिवंतपणीच समेट करू या.