हळदीचं दूध, न धुता येणारा पलंग आणि एका शिंप्याचं हरवलेलं पेटंट

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात लढाई नाही, तह नाही, किल्ला नाही. आज आहे एक डाग. माझ्या पलंगावरचा.

गेल्या एप्रिलमध्ये आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. मी तिला माझी खोली दिली. पलंग नवाकोरा, हप्ते अजून चालू. फिकट राखाडी कापडाचा, डोक्याकडची फळी आत फोम घालून मढवलेली. तिसऱ्या रात्री उशाला टेकून दूध पिताना तिच्या हातून पेला कलंडला. हळदीचं दूध. तिनं कुणाला उठवलं नाही. अंधारात पदरानं पुसलं, वर टॉवेल टाकला. सकाळी मी चहा घेऊन गेले तर ही खाली सतरंजीवर!

"मी इथंच बरी. तुझा पलंग आणखी नको नासायला."

आपल्या भाषेत डाग फक्त कापडाला लागत नाही, हे तुम्हाला माहितीये. तिनं तो स्वतःला लावून घेतला होता. म्हणून मला तो काढायचाच होता, आणि तोही लगेच.

मग मी काय केलं? जे कुणीही करेल तेच. मगभर पाणी, कपड्यांची पावडर, ब्रश. आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला. आजी एका डोळ्यानं बघत म्हणाली, "अगं, हे तर कुंकू झालं!"

ती गंमत करत होती, पण अगदी बरोबर बोलत होती. ते कसं, हे सांगते. आधी माझी मोठी चूक सांगते: मी पलंगाला कपडा समजले.

आपलं डाग काढायचं सगळं जुनं शहाणपण पाण्याभोवती फिरतं. रिठा, शिकेकाई, नदीवरचा दगड, परटाची भट्टी. कापड उचला, भिजवा, आपटा, वाळवा. त्या कामात परीट इतका तरबेज की कडक स्वच्छ कपड्यांना आपण आजही 'परीटघडीचे' म्हणतो. पण फोमवर ताणून ठोकलेलं कापड नदीवर कसं नेणार? पाणी आत शिरतं, फोम ते धरून ठेवतो. मग वाळताना ओल पृष्ठभागाकडे येते, सोबत मळ आणते आणि कडेला सोडते. म्हणून डाग जातो, पण त्याच्याभोवती नकाशासारखी रेघ उमटते. दूध असेल तर वर वासही.

म्हणजे प्रश्न असा, की जे धुताच येत नाही ते स्वच्छ कसं करायचं? हा प्रश्न आपल्या आधी बऱ्याच जणांना पडलाय.

सुरुवात रोमपासून करू. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात कपडे स्वच्छ करणाऱ्यांचे कारखाने सापडलेत. कामगार हौदात उभे राहून लोकरीचे कपडे पायांनी तुडवायचे. हौदात काय असायचं? साठवलेलं मूत्र! ते शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चिकटा सोडवतो. पण त्यांच्याकडे दुसरंही एक साधन होतं, ते म्हणजे तेल शोषून घेणारी माती. आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती याच जातीची. तेलकट डागावर कोरडी पूड टाका, ती तेल ओढून घेते.

आता तिथून थेट 1821 सालच्या न्यूयॉर्कला. तिथे थॉमस जेनिंग्ज नावाचा एक शिंपी होता. कृष्णवर्णीय, पण जन्मानं स्वतंत्र. तो गिऱ्हाइकांना भारी कपडे शिवून द्यायचा, त्यावर डाग पडायचे आणि नेहमीच्या पद्धतीनं साफ केलं की कापडच बिघडायचं. त्यानं वेगवेगळी मिश्रणं करून पाहिली आणि शेवटी 'ड्राय स्कॉवरिंग' नावाची पद्धत बसवली. आजच्या ड्रायक्लीनिंगची ही पूर्वज. 3 मार्च 1821 रोजी त्याला तिचं पेटंट मिळालं. अमेरिकेत पेटंट मिळवणारा हा पहिला ज्ञात कृष्णवर्णीय माणूस. आणि हे अशा काळात, जेव्हा खुद्द न्यूयॉर्कमध्येही गुलामगिरी पूर्ण संपलेली नव्हती. ती संपली 1827 मध्ये.

डाग काढून मिळवलेला पैसा त्यानं गुलामगिरीविरुद्धच्या कामात लावला. पुढे 1854 मध्ये त्याची मुलगी एलिझाबेथ चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला निघाली होती. घोड्यांच्या ट्राममधून तिला रंगामुळे जबरदस्तीनं उतरवलं गेलं. घराण्यानं खटला लढवला आणि 1855 मध्ये ती जिंकली. तिचा तरुण वकील होता चेस्टर आर्थर, जो पुढे 1881 मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आणि जेनिंग्जची ती कृती? गेली. 1836 च्या डिसेंबरमध्ये पेटंट कार्यालयाला आग लागली, त्यात हजारो पेटंटांचे कागद जळाले. त्याचेही. त्याच्या मिश्रणात नेमकं काय होतं, ते कागदासोबतच गेलं. आपल्याकडे परटांची किती गुपितं अशीच गेली असतील! त्यांना तर कागदही मिळाला नाही. उरला तो एक शब्द, परीटघडी.

आता परत माझ्या लाल डागाकडे. हळदीचा रंग ज्यामुळे येतो, ते कर्क्युमिन 1815 मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. त्याची खोड अशी, की आंबट किंवा साध्या गोष्टीत ते पिवळं राहतं आणि क्षार मिळाला की लाल होतं. कपड्यांची पावडर क्षारयुक्त असते. आणि आपलं पारंपरिक कुंकू कसं बनतं? हळदीला चुन्यासारखा क्षार देऊन. म्हणजे मी पलंगावर बसून खरोखरच कुंकू केलं होतं!

पण कर्क्युमिनचा एक शत्रू आहे. ऊन. प्रकाशात त्याचा रंग विरतो. आजीला यातलं रसायनशास्त्र काही माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "हळदीच्या साडीचे डाग आम्ही उन्हात टाकायचो."

पलंग उन्हात नेता येत नव्हता, पण फळी चार बोल्टांवर होती. मी आणि भावानं ती सोडवली. लिंबाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात फडकं ओलं करून टिपलं, तसा लाल रंग परत पिवळा झाला. मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात घालून पुन्हा टिपलं आणि फळी गॅलरीत उभी केली. तिसऱ्या दिवशी डाग शोधावा लागत होता. माझ्या मगभर पाण्याची रेघ मात्र राहिली. ती घालवायला अख्खी फळी हलक्या ओल्या फडक्यानं एकसारखी पुसली आणि पंख्याखाली वाळवली.

तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी लेबल बघा. 'डब्ल्यू' म्हणजे पाणी चालतं, 'एस' म्हणजे फक्त ड्रायक्लीनिंगचं द्रावण, 'एक्स' म्हणजे नुसता व्हॅक्यूम. काहीही लावायच्या आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. पांढऱ्या फडक्यानं बाहेरून आत टिपा, घासू नका. तेलावर टाल्कम पावडर टाका, तासाभरानं व्हॅक्यूम करा. रक्ताला कायम गार पाणी, गरम पाण्यानं ते पक्कं बसतं. हळदीला ऊन, पण बेतानं, कारण उन्हात कापडाचा स्वतःचा रंगही उडतो.

फळी परत बसवली त्या रात्री मी आजीला म्हटलं, "बघ, कुठे आहे डाग?" तिनं हात फिरवून पाहिलं. काही बोलली नाही. सतरंजीची घडी घातली आणि पलंगावर आडवी झाली. दूध मागितलं. हळद घालूनच.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या आजीकडे डाग काढायची एखादी युक्ती असेल तर आजच विचारून लिहून ठेवा. पेटंट कार्यालय जळू शकतं, आणि आजीकडे तर एकच प्रत असते.